वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे गिअर ऑइल पुन्हा पुन्हा का गळते?

प्रश्न : माझ्याकडे 2007 सालची डिझेल जीप आहे. ती वडिलांनी नवीन घेतली होती आणि आजवर तिने आम्हाला कधी वाटेत सोडलेले नाही. आमचे गाव अंबाजोगाई तालुक्यात असून केज, मांजरसुंबा मार्गे बीडला महिन्यातून चार-पाच वेळा जाणे होते. गेल्या पावसाळ्यानंतर गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूने ऑइल ठिबकू लागले. मिस्त्रींनी मागचे सील (फिरत्या शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) बदलले, परंतु अडीच महिन्यांत गळती पुन्हा सुरू झाली. दुसऱ्यांदा सील बदलले, तेही टिकले नाही. आता एक मिस्त्री म्हणतात की गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागेल, तर दुसरे म्हणतात की 90 नंबरऐवजी 140 नंबरचे ऑइल भरा, गळती आपोआप थांबेल. गाडी मोडीत काढण्याची आमची इच्छा नाही. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, तालुका अंबाजोगाई

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती ही आहे की दोन सील एकापाठोपाठ अडीच-तीन महिन्यांतच निकामी झाले. योग्य मापाचे सील नीट बसवले तर ते काही वर्षे सहज टिकते. ते इतक्या लवकर जात असेल, तर त्याला घालवणारे कारण गाडीत तसेच राहून गेले आहे, आणि ते सापडेपर्यंत तिसरे सीलही त्याच वाटेने जाईल. म्हणून माझे मत आधीच स्पष्ट सांगतो : तूर्त गिअरबॉक्स खोलू नये आणि 140 नंबरचे, म्हणजे अधिक घट्ट, ऑइलही भरू नये. प्रथम गळती नेमकी कोठून होते ते पाहावे आणि लगेच गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला असलेला ब्रीदर, म्हणजे आतील हवा बाहेर जाऊ देणारी लहान टोपी, तपासावा.

गळतीची जागा ठरवणे वाटते तितके सोपे नाही. गाडी चालत असताना वारा ऑइलला मागे ढकलतो आणि ते आपल्या वजनाने खाली उतरते, त्यामुळे ऑइल निघते ती जागा आणि थेंब पडतो ती जागा यांत हातभर अंतर असू शकते. गिअर लिव्हरखालच्या झाकणाचे पॅकिंग, रिव्हर्स दिव्याचा स्विच, स्पीडोमीटरची केबल जेथे गिअरबॉक्सला जोडलेली असते तेथील लहान रबरी रिंग, यांपैकी कशातूनही पाझरलेले ऑइल ओघळत मागच्या सीलपाशी येते आणि दोष सीलच्या माथी बसतो. यासाठी गाडी थंड असताना गिअरबॉक्स ब्रशने व डिझेलने धुऊन काढावा, फडक्याने पूर्ण कोरडा करावा आणि संशयाच्या प्रत्येक जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. नंतर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून लगेच खाली पाहिले म्हणजे पांढऱ्या पावडरवर ओली रेघ जेथून सुरू होते ती खरी जागा समजते. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरून त्यावर चाकांच्या जागा खुणावल्या, तर सकाळी डाग कशाच्या खाली पडला हेही कळते.

डागाचा रंग आणि वास यांवरूनही बरेच समजते. गिअर ऑइल मधाच्या रंगाचे किंवा जुने असल्यास तपकिरी असते, बोटांना घट्ट लागते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. डिझेल इंजिनचे ऑइल काळेभोर असते. आपल्या पुठ्ठ्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या भागाखाली, म्हणजे क्लचच्या घराखाली, काळा डाग आढळला तर तो इंजिनच्या मागच्या सीलचा असण्याची शक्यता अधिक आहे आणि गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण उरत नाही. त्याच जागी मधाच्या रंगाचा डाग असेल तर गिअरबॉक्सचे पुढचे सील गेले आहे असे समजावे. ही गळती अधिक गंभीर आहे, कारण ते ऑइल क्लच प्लेटवर उडते आणि घाट चढताना इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे सरकत नाही.

आता ब्रीदरविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या भागातील जुन्या गाड्यांमध्ये हे कारण मी फार वेळा पाहिले आहे आणि त्याकडे फार कमी वेळा लक्ष दिले जाते. गिअरबॉक्समध्ये ऑइल पूर्ण भरलेले नसते. वरच्या भागात हवा असते. गाडी चालू लागली की गिअर आणि बेअरिंग यांच्या घर्षणाने आतील ऑइल व हवा तापते. सकाळी 30 अंशांवर असलेला गिअरबॉक्स लांबच्या प्रवासात भरलेली गाडी घाटातून नेताना 80 अंशांच्या आसपास गेला आणि हवेला बाहेर पडायला वाट नसली, तर आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याने वाढतो. हा आकडा लहान दिसतो, परंतु गिअरबॉक्सच्या सीलची रबरी ओठी असा सततचा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते. ती फक्त उडणारे ऑइल अडवण्यासाठी असते. दाब वाढला की ऑइल ओठीखालून बाहेर येते आणि ओठी शाफ्टवर अधिक घासून लवकर झिजते. हा दाब निघून जावा म्हणूनच वर एक लहानशी टोपी किंवा नळी दिलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात.

मराठवाड्यातील काळी माती ओली असताना हाताला चिकटते आणि वाळली की दगडासारखी टणक होते, हे शेतकरी असलेल्या आपल्याला मी सांगायला नको. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून उडालेला हा चिखल गिअरबॉक्सच्या वर जाऊन बसतो, तेथे पाझरलेल्या ऑइलशी मिसळतो आणि इंजिनच्या उष्णतेने भाजून निघतो. टोपी त्याखाली गाडली जाते. आपली गळती पावसाळ्यानंतर सुरू झाली, यावरून माझा संशय प्रथम येथेच जातो. मिस्त्री गाडीखाली झोपून काम करतात, त्यांना खालून हा भाग दिसत नाही, त्यामुळे दोन्ही वेळा तो राहून गेला असावा. त्यांच्या कामात हयगय झाली असे मी म्हणणार नाही.

ही टोपी पुष्कळदा गिअर लिव्हरभोवतीचे रबर आणि खालचा पत्रा काढून आतून हाताला लागते. ती बोटाने सैल फिरली पाहिजे. फिरत नसेल तर सभोवतालचा मळ आधी झटकून, आत काहीही पडू न देता ती काढावी, रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजत ठेवावी, बारीक तारेने भोक मोकळे करावे आणि तोंडाने फुंकून हवा जाते का ते पाहावे. गंजून घट्ट झालेली टोपी नवी बसवणेच योग्य. मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगवरही असाच ब्रीदर असतो. त्याच दिवशी तोही साफ करून घ्यावा. ज्यांना पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी न्यावी लागते त्यांनी टोपीच्या जागी ऑइल सोसणारी रबरी नळी बसवून तिचे टोक इंजिनच्या खोलीत उंचावर, तोंड खाली करून बांधावे. याचे कारण असे की तापलेला गिअरबॉक्स पाण्यात शिरला की आतील हवा एकदम आकसते, आत ओढ निर्माण होते आणि सीलजवळचे किंवा ब्रीदरजवळचे पाणी आत शोषले जाते. ऑइल दुधाळ झालेले दिसले तर हेच घडले आहे असे समजून ते त्वरित बदलावे.

ब्रीदर मोकळा आढळला, तर पुढची तपासणी ऑइलच्या पातळीची. सपाट जागेवर गाडी काही वेळ उभी ठेवून गिअरबॉक्सच्या बाजूचा भरण्याचा बोल्ट काढावा. ऑइल त्या भोकाच्या खालच्या काठाशी असावे. गळते आहे म्हणून थोडे जास्तच भरून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती चुकीची आहे. जादा ऑइल घुसळले जाऊन फेसाळते, अधिक तापते आणि सीलवर अधिक जोराने आदळते.

यानंतर शाफ्ट. सील बदलताना प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची गती अॅक्सलकडे नेणाऱ्या लांब दांड्याचा) जो गुळगुळीत भाग सीलमधून आत सरकतो, त्यावरून नख फिरवून पाहावे. वर्षानुवर्षे एकाच जागी ओठी घासल्याने तेथे चर पडलेला असेल तर नख त्यात अडकते, आणि अशा चरावर कितीही चांगले सील बसवले तरी ते धरत नाही. चर उथळ असेल आणि बसवण्याच्या जागेत वाव असेल तर नवे सील दीड-दोन मिलिमीटर मागे किंवा पुढे बसवून ओठी कोऱ्या पृष्ठभागावर आणता येते. चर खोल असेल तर त्यावर पातळ पोलादी बाही चढवतात किंवा तो भाग बदलतात. तोच भाग हाताने वर-खाली व आजूबाजूला हलवून पाहावा. तो स्पष्टपणे हलत असेल तर मागचा बुश किंवा बेअरिंग झिजले आहे आणि सील प्रत्येक फेऱ्याला एका बाजूने दाबले जात आहे. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकाचे सांधे, ढिले असणे आणि गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग तुटलेले असणे, यांनीही हादरे वाढून हेच घडते, आणि या दोन्ही गोष्टी गिअरबॉक्स न खोलता दुरुस्त होतात.

सील विकत आणताना जुने सील सोबत न्यावे. त्यावर आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी यांचे मिलिमीटरमधील आकडे बहुधा छापलेले असतात, ते जुळवून घ्यावेत. बसवताना बारीक स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे, म्हणजे आत, असावी. ओठीला आधी ऑइल लावावे. छिन्नीने एकेका कडेला ठोकत नेलेले सील वाकडे बसते आणि पहिल्या दिवसापासून गळण्याच्या मार्गाला लागते, म्हणून त्याच मापाची सपाट रिंग किंवा पाइपचा तुकडा वर ठेवून ते सर्व बाजूंनी सारखे दाबत न्यावे.

आता 140 नंबरच्या ऑइलविषयी. घट्ट ऑइल टाकल्यावर थेंब काही दिवस कमी पडतात हे खरे आहे, म्हणूनच हा सल्ला लोकप्रिय आहे. परंतु अशा गिअरबॉक्समध्ये ऑइलला पंप नसतो. खालचे गिअर फिरताना जे ऑइल वर उडवतात त्यावरच वरची बेअरिंग जगतात. घट्ट ऑइल सकाळच्या पहिल्या काही किलोमीटरमध्ये पुरेसे उडत नाही, गिअर जड पडतात आणि गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना आपले काम करायला वेळ लागतो. गळतीचे मूळ कारण मात्र जागच्या जागी राहते. ऑइलच्या डब्यावरील जीएल-4 आणि जीएल-5 हे प्रतवारीचे शब्दही वाचावेत, कारण जीएल-5 मधील गंधक-फॉस्फरसयुक्त घटक अधिक तीव्र असतात आणि काही प्रकारचे जीएल-5 ऑइल पितळी रिंगांना मानवत नाही. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच भरावे. रबर फुगवून गळती थांबवणारी बाटलीबंद द्रव्ये मिळतात, तीही मी सुचवणार नाही. चर पडलेल्या शाफ्टवर किंवा तुंबलेल्या ब्रीदरवर त्यांचा काहीच इलाज चालत नाही.

गिअरबॉक्स खोलण्याची वेळ कधी येते, हेही सांगणे आवश्यक आहे. ऑइल काढण्याच्या बोल्टवर चुंबक असेल तर त्यावर राखाडी मलमासारखा बारीक थर जमणे स्वाभाविक आहे, परंतु चिमटीत धरता येतील असे धातूचे कण किंवा तुकडे निघाले, धावत्या गाडीत गिअर आपोआप निसटू लागला, किंवा पहिल्या तीन गिअरमध्ये येणारी घरघर चौथ्या गिअरमध्ये बरीच कमी होत असेल, तर आतील बेअरिंग झिजले असल्याचे ते लक्षण आहे. अशा जीपमध्ये चौथा गिअर सहसा सरळ जोडणीचा असल्याने त्या वेळी खालच्या शाफ्टवर भार येत नाही, म्हणून आवाज बदलतो. यांपैकी काही नसेल तर खोलण्याचा खर्च आज करू नये. सील स्वस्त असते, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते, आणि गरज नसताना खोललेला जुना गिअरबॉक्स पूर्वीसारखा जुळेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत दर आठवड्याला पातळी पाहावी आणि मापाच्या बाटलीने किती ऑइल भरावे लागले ते किलोमीटरसह वहीत लिहून ठेवावे. गळती वाढते आहे की स्थिर आहे हे त्या वहीवरूनच समजेल. सायलेन्सरच्या पाइपवर ऑइल पडत असेल आणि धुराचा वास येत असेल तर मात्र गाडी तशीच चालवू नये, कारण त्यातून आग लागू शकते. मांजरसुंब्याच्या घाटाच्या वळणावर सांडलेले ऑइल मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला पाडू शकते, याचाही विचार करावा. शिवाय आपल्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2022 मध्ये संपली असणार आणि त्यानंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते, तेव्हा पुढच्या तपासणीला गाडी कोरडी करून नेणे हिताचेच आहे.

आणखी एक सूचना मी प्रत्येक वेळी लिहितो आणि लिहीत राहणार. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, घरच्या मुलाला तर मुळीच पाठवू नये. चाकांना दगड लावावेत, चॅसीखाली भक्कम स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे द्यावेत, मगच खाली शिरावे. काढलेले जळके ऑइल ओढ्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते बंद डब्यात साठवून, पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

प्रश्न : नांदेडमध्ये मी बारा वर्षे जुनी ऑटोमॅटिक गिअरची कार विकत घेतली. पुढच्या भागाखाली लाल रंगाचे थेंब पडतात. सकाळी गिअर डी मध्ये (पुढे जाण्यासाठी) टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद थांबून मग झटका देऊन निघते. गॅरेजमध्ये मशीन लावून सगळे ऑइल दाबाने बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तसे करावे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : लाल ऑइल म्हणजे गिअरबॉक्सच असे धरून चालू नये, कारण अनेक गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्येही तेच ऑइल असते. आपल्या गाडीला ऑइलवर चालणारे स्टीअरिंग असेल तर आधी त्याच्या डबीतील पातळी पाहावी. परंतु डी मध्ये टाकल्यावर गाडी थांबून निघते, हे लक्षण गिअरबॉक्समधील ऑइल कमी झाल्याकडे बोट दाखवते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल केवळ वंगण नसते. त्याच्याच दाबावर आतील क्लच पकडतात. पातळी घटली की पंप हवा ओढतो, दाब उशिरा तयार होतो, क्लच घसरतात आणि जळतात. साध्या गिअरबॉक्सची जीप थोडे कमी ऑइल काही काळ सोसते. आपल्या गाडीला ती मुभा नाही, म्हणून पातळी तपासेपर्यंत ती चालवू नये.

पातळी पाहण्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असते. अनेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, ऑइल तापल्यावर, गिअर पी मध्ये (पार्किंगमध्ये) असताना पट्टी काढून पाहतात. काहींना पट्टीच नसते आणि ठरावीक तापमानाला खालचा बोल्ट काढून पातळी ठरवावी लागते. ते काम जाणकाराकडेच द्यावे. भरायचे ऑइल पुस्तिकेत नाव दिलेलेच असावे, कारण लाल रंगाची सर्व ऑइले सारखी नसतात आणि सीव्हीटी प्रकारच्या, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सचे ऑइल तर पूर्णपणे निराळे असते.

गळती खालच्या ट्रेचे पॅकिंग, रेडिएटरकडे जाणाऱ्या थंड करणाऱ्या नळ्यांचे जोड आणि एक्सल शाफ्टची सील येथे शोधावी. ट्रेचे बोल्ट जोराने आवळून गळती थांबवण्याचा प्रयत्न होतो, त्याने पत्रा वाकतो आणि गळती वाढते. रेडिएटरमधील पाणी किंवा गिअरबॉक्सचे ऑइल गुलाबी दुधासारखे झालेले दिसले तर रेडिएटरच्या आतील कूलर फुटला आहे. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू करू नये.

दाबाने ऑइल बदलण्याच्या सल्ल्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदलले होते हे ठाऊक नसलेल्या गाडीत आत साचलेला गाळ एकाएकी सुटून झडपांच्या बारीक वाटांत अडकण्याचा धोका असतो. गळती दुरुस्त करून, ट्रे काढून, फिल्टर बदलून आपोआप निघेल तेवढेच ऑइल बदलावे आणि काही हजार किलोमीटरनंतर तेच पुन्हा करावे. गॅरेजपर्यंत गाडी दोरीने ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आणि चाकांबरोबर फिरणारे आतील भाग कोरडे घासले जातात. चालवणारी चाके जमिनीवरून उचलून किंवा पूर्ण गाडी वाहनावर चढवूनच न्यावी.

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या क्लच हाउसिंगखाली एक भोक असून त्यात पिन लटकलेली आहे. तेथून ऑइल ठिबकते. ऊसवाहतुकीचा हंगाम तोंडावर आहे. शेजारी म्हणतात की बोल्ट बसवून भोक बंद करा. करावे का?
— एक वाचक, जिल्हा परभणी

उत्तर : भोक मुळीच बंद करू नये. क्लचच्या कोरड्या खोलीत चुकून आलेले ऑइल साचून राहू नये म्हणूनच ते ठेवलेले असते, आणि ती सैल पिन हलत राहून भोकात माती जमू देत नाही. बोल्ट बसवला तर बाहेर पडणारे ऑइल आत साचून क्लच प्लेटवर उडेल, आणि उसाची भरलेली ट्रॉली चढावर असताना क्लच घसरला तर ट्रॅक्टर मागे येऊन जीवावर बेतू शकते. ऑइल काळे असेल तर इंजिनचे मागचे सील, आणि पिवळसर असेल तर गिअरबॉक्सचे पुढचे सील, असे समजून मिस्त्रींना सांगावे. दोन्हींसाठी ट्रॅक्टर मध्यावर दोन भागांत सोडवावा लागतो, तेव्हा हे काम हंगाम सुरू होण्याआधीच उरकावे आणि त्याच वेळी दोन्ही सील, क्लच प्लेट व रिलीज बेअरिंग पाहून घ्यावे. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रॉलिक यांचे ऑइल एकच असते, म्हणून लिफ्ट संथ उचलत असेल तर पातळी आजच तपासावी. तोपर्यंत पिन हाताने हलवून मोकळी ठेवावी.